एकवचनातला परका

मागच्या वेळी आपण १९३३ पर्यंत आलो होतो. तेव्हा दोघा-तिघांनी एकच प्रश्न विचारला : आज युरोपात परक्यांविरुद्ध जे बोललं जातं, त्याला फॅसिझम म्हणायचं का?

उठसूट कोणालाही हिटलर म्हणण्याची आपल्याला सवय लागली आहे, आणि ती वाईटच. पण तुलना करायचीच नाही, हेही पटत नाही. तर आज आपण राजवटींची नको, भाषेची तुलना करू या. त्यासाठी एकच शहर घेऊ : ड्रेस्डेन.

व्हिक्टर क्लेम्परर इथे फ्रेंच साहित्याचे प्राध्यापक होते. ज्यू घरात जन्मलेले, पुढे प्रोटेस्टंट झालेले. १९३५ मध्ये त्यांची नोकरी गेली. पुढे ग्रंथालयाचं दारही बंद झालं. पत्नी ज्यू नसल्यामुळे ते छळछावणीत जायचे वाचले. पुस्तकं नाहीत म्हटल्यावर अभ्यासाला उरली ती रस्त्यावरची, रेडिओवरची, कारखान्यातली भाषा. ती ते रोजनिशीत टिपत राहिले. ती पानं त्यांची पत्नी एका मैत्रिणीकडे लपवायला नेऊन देई. सापडली असती तर जीव गेला असता. १९४७ मध्ये त्यातून नाझी भाषेवरचं पुस्तक झालं.

त्यांनी टिपलेली एक गोष्ट मराठी माणसाला चटकन कळेल. नाझी प्रचारात ज्यू बहुधा एकवचनात येतो. ‘ज्यू कारस्थानी आहेत’ असं नाही, ‘ज्यू कारस्थानी आहे’. आपल्या बखरींतला ‘गनीम’ आठवा : गनीम आला, गनीम पळाला. हजारोंची फौज, पण क्रियापद एकवचनी. लढाईत ते चालून जातं. शेजारच्या डॉक्टरला, दुकानदाराला तेच व्याकरण लावलं की त्याचं नाव-गाव पुसलं जातं. १९३३ मध्ये जर्मनीच्या साडेसहा कोटी लोकांत ज्यू होते सुमारे पाच लाख, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. पण एकवचनाला संख्येशी काय देणंघेणं?

आता त्याच ड्रेस्डेनमध्ये ऑक्टोबर २०१४ मध्ये या. ‘पेगिडा’चे सोमवारचे मोर्चे सुरू झाले. पश्चिमेचं इस्लामीकरण होतंय, ही भीती. आणि त्या सॅक्सनी राज्यात मुसलमान किती? पुन्हा एक टक्क्याच्या आतच. मोर्चात घोषणा होती ‘ल्यूगेनप्रेस’ची, म्हणजे खोटारडी वृत्तपत्रं. हा शब्द नाझींनी घडवलेला नाही; पहिल्या महायुद्धात तो शत्रूच्या वृत्तपत्रांना लावत. नाझींनी तो घरच्या विरोधकांवर वळवला. परक्यांची भीती घालायची, आणि ती खोटी म्हणणाऱ्याला आधीच खोटारडा ठरवायचं, ही जोडी दोन्ही काळांत दिसते.

फरकही मोठा आहे, तो झाकून चालणार नाही. पेगिडाच्या मागे एसएसारखं गणवेशातलं सैन्य नव्हतं आणि राज्ययंत्रणाही नव्हती. न्यायालयं आज जागी आहेत. मे २०२४ मध्ये एएफडी पक्षाचे ब्यॉर्न हॉके यांना एसएची घोषणा भाषणात वापरल्याबद्दल हाले इथल्या न्यायालयाने दंड केला. ती घोषणा एसएची होती हे ठाऊक नव्हतं, असं ते म्हणाले. गृहस्थ पूर्वी इतिहासाचे शिक्षक, बरं का!

पण न्यायालयं वायमार काळातही होती. १९२४ मध्ये म्युनिकला हिटलरवर देशद्रोहाचा खटला चालला. तेव्हा तो ऑस्ट्रियाचा नागरिक होता आणि दोषी परदेशी माणसाला हद्दपार करण्याची तरतूद कायद्यात होती. न्यायाधीशांनी ती लावली नाही. हा मनाने जर्मन आहे, जर्मन सैन्यात लढला आहे, असं कारण दिलं. नागरिकत्व त्याला १९३२ मध्ये मिळालं.

पहिल्या महायुद्धात हिटलर बव्हेरियाच्या सैन्यात होता. क्लेम्पररही त्याच सैन्यात स्वेच्छेने भरती झाले होते. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी क्लेम्पररना राइशच्या नागरिकांतून वगळलं.

त्या कायद्यांची कलमं आपण पुढच्या वेळी वाचणार आहोत. आता प्रश्न घेऊ.