कोस्मे मॅकमून : एका गायिकेचा साथीदार

आपल्या गायनमंडळाविषयीं या स्मरणिकेंत इतरत्र पुष्कळ लिहिलेलें आढळेल. परंतु पेटीमागें पाठमोरा बसणारा मनुष्य बहुधा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. म्हणून दूरदेशींच्या अशाच एका साथीदाराची हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कोस्मे मॅकमून याचा जन्म १९०१ सालीं मेक्सिको देशांत दुरांगो प्रांतीं मापिमी येथें झाला. (मिस्साच्या प्राचीन प्रार्थनेंत दामियानाबरोबर ज्या रक्तसाक्ष्याचें स्मरण होतें त्याचेंच हें नांव.) पुढें टेक्सस प्रांतांतील सान आंतोनियो शहरीं वाढून तो पियानोवादक म्हणून न्यूयॉर्कास आला. तेथें त्याची गांठ फ्लॉरेन्स फॉस्टर जेंकिन्स या धनाढ्य बाईशीं पडली.

बाईंचा जन्म १८६८ चा. बालपणीं त्या पियानो उत्तम वाजवीत. पुढें हाताला इजा होऊन वादन सुटलें. १९०९ सालीं वडील वारले व संपत्ति हातीं आली, तेव्हां त्यांनीं गायनाचा ध्यास घेतला. स्वर लागत नसे, ताल राहत नसे; तथापि आपण थोर गायिका आहों याविषयीं त्यांस तिळमात्र शंका नव्हती. पाठीला पंख लावूनहि त्या रंगमंचावर येत! श्रोते निवडक आणि परिचित असत. टीकाकारांस प्रवेश नसे.

अशा गायनास साथ करणें म्हणजे काय, हें १९४१ च्या तबकडींत ऐकूं येतें. मोझार्टच्या 'मॅजिक फ्लूट'मधील रात्रीच्या राणीचें तें दुर्घट गीत. बाई मात्रा चुकल्या कीं मॅकमून थांबतो, त्या धांवल्या कीं तोहि धांवतो. हें कौशल्य सामान्य नव्हे. त्यानें बाईंसाठीं गीतेंहि रचिलीं. एकाचे शब्द तर बाईंचेच.

यांत त्याची लबाडी होती काय? सत्य न सांगणें हा दोषच, असें सेमिनरींत आम्हीं पढलों. पण लोक हंसत असतां जो वाजवीत राहिला, तो निव्वळ पैशाचाच धनी होता असें मला म्हणवत नाहीं. हंसणारे तर तिकीट काढून येत! खरें बोलावयाचा अधिकार कोणाचा होता, हेंहि पाहिलें पाहिजे.

२५ ऑक्टोबर १९४४ रोजीं, वयाच्या ७६ व्या वर्षीं, बाई कार्नेगी हॉलमध्यें गाइल्या. तिकिटें केव्हांच संपलीं होतीं. या वेळीं मात्र टीकाकारांस दार मोकळें होतें. दुसऱ्या दिवशींच्या वृत्तपत्रांनीं निर्दय थट्टा केली. थोड्याच दिवसांत हृदयविकाराचा झटका आला आणि २६ नोव्हेंबर रोजीं त्या निवर्तल्या. थट्टेनेंच मृत्यु आला, असें कांहीं म्हणतात; त्या वयाच्या हृदयाविषयीं असा निवाडा कोणीं करावा?

मॅकमून पुढें पुष्कळ वर्षें जगला. १९८० सालीं सान आंतोनियो येथें त्याचा अंत झाला. २०१६ सालीं निघालेल्या चित्रपटामुळें त्याचें नांव पुन्हां लोकांच्या कानीं आलें. अर्थात् चित्रपटाचें नांव बाईंचेंच होतें.