राजाबाई मनोरा : दान आणि देखभाल

मुंबईत ओव्हलच्या मैदानावरून जाताना विद्यापीठाच्या आवारातील राजाबाई मनोऱ्याकडे मान वर करून न पाहिलेला मनुष्य विरळाच. परंतु त्या मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या ज्ञातींच्या पोषाखांतील पाषाणमूर्ती उभ्या आहेत, हे आपल्यापैकी कितीजणांस ठाऊक असेल? ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ह्या वास्तूविषयी लिहिण्याचे धाडस आम्ही करीत आहो ते ह्याच नात्याने. त्यांत आपली पगडी कोठे आहे हे शोधण्याचा मोह आम्हांसही आवरला नाही. पण खालून पाहता सर्वच मूर्ती एका दगडाच्या दिसतात, हे प्रांजळपणे नमूद करतो.

अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसास सोन्याचे मोल आले, त्या काळचे सर्वांत मोठे नाव शेठ प्रेमचंद रायचंद यांचे. 1864 साली त्यांनी विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी दोन लक्ष व पाठोपाठ घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लक्ष रुपये दिले, आणि मनोऱ्यास आपल्या मातुःश्री राजाबाई यांचे नाव मागितले. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा जैन नेम पाळणाऱ्या त्या माउलीस टोल ऐकून वेळ कळावी, हा हेतू होता अशी आख्यायिका आहे. पुढच्याच वर्षी बाजार कोसळला आणि शेठजींची दौलत बुडाली. दान मात्र उरले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी विलायतेत बसून नकाशे काढले. त्यांचे पाय मुंबईस कधी लागलेच नाहीत. 1869 मध्ये पायाभरणी होऊन 1878 च्या नोव्हेंबरात 280 फूट उंचीचा मनोरा पुरा झाला.

घड्याळ सुरू झाले आणि लवकरच वाद उभा राहिला, तो कोणाची वेळ दाखवावी ह्याचा! 1881 साली सरकारने मुंबईवर मद्रासची वेळ लादू पाहिली. नागरिकांनी तीव्र विरोध केला, विद्यापीठाने घड्याळ मुंबईच्याच वेळेवर ठेवले आणि सरकारने रात्रीच्या दिवाबत्तीचा खर्च देण्याचे नाकारले. दिव्याच्या तेलावरून चाललेले हे भांडण आज हास्यास्पद वाटेल; पण आपला सूर्य कधी माथ्यावर येतो हे दुसऱ्याने ठरवावे, हे त्या पिढीस मानवले नाही. पुढे हिंदुस्थानची प्रमाण वेळ आली, तरीही तिच्याहून 39 मिनिटे मागे असलेली मुंबईची वेळ शहरात 1955 पर्यंत टिकून होती.

आता जीर्णोद्धाराविषयी. अशा वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे रंगसफेदी नव्हे. समुद्राचा खारा वारा दगड खातो, लोखंड गंजवितो. चुन्याच्या सांध्यांत कोणी सिमेंट भरले तर ओल आतच कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. म्हणजे अडाणी दुरुस्ती ही हेळसांडीहूनही घातक. 2013 ते 2015 ह्या काळात वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या मार्गदर्शनाखाली मनोरा व ग्रंथालय यांचे काम झाले. दगडकामापासून ग्रंथालयाच्या रंगीत काचांपर्यंत सर्वांवर हात फिरला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने दिलेला निधी चार कोटींच्या घरातला होता, आणि 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत ह्या कामाचा गौरव झाला.

दोन काळच्या रुपयांची तुलना आम्ही करीत नाही. लक्षात येते ते इतकेच की, बांधताना दात्याच्या मातेचे नाव मनोऱ्यास मिळाले. दुरुस्तीच्या दात्याचे नाव मात्र वाटसरूस कळणारही नाही. आपल्याकडे सभागृहाच्या कोनशिलेसाठी देणगीदार सहज मिळतो. गळक्या छपराच्या पावतीवर नाव घालण्यास कोणी पुढे येत नाही. कार्यकारी मंडळावर काम केलेल्यांना हे निराळे सांगावयास नको.

एके काळी ह्या घड्याळातून सोळा धुनी वाजत, त्यांत ‘रूल ब्रिटानिया’ही असे. आता दर पाव तासाला एकच धून ऐकू येते. मनोऱ्यावरून उड्या पडू लागल्यामुळे वर जाण्याचा जिना फार पूर्वीच सर्वांस बंद झाला. तेव्हा मूर्ती पाहावयाच्या त्या खालूनच.