डाव्या कोपऱ्यातला इराणी

ठाणे-भिवंडी रस्त्यावरच्या आमच्या पूर्णा गावात शेतांच्या जागी गोदामं उभी राहिली, पण कबड्डीचं वेड गेलं नाही. पूर्वी भात झोडून झालं की मोकळ्या शेतात मैदान आखायचं, पाणी मारून माती बसवायची आणि सामने पहाटेपर्यंत चालायचे. मी डावा कोपरा खेळायचो. म्हणून २०१५ साली प्रो कबड्डी लीगमधल्या यू मुंबा संघानं फजल अत्राचली हा इराणी डावा कोपरा घेतला, तेव्हा गोदामात जेवणाच्या सुट्टीत पोरं मलाच चिडवायची, "काका, तुमची जागा गेली!"

जागा त्यालाच मिळत नव्हती. डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्यात मोहित छिल्लर. ही जोडी कोण कशाला मोडेल? त्या ऑगस्टमध्ये अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबानं बंगळुरू बुल्सला ३६-३० हरवून करंडक घेतला. फजलचा मोसम मात्र बराचसा बाकावरच गेला. पोरांचा निकाल तयार होता : गडी कुस्तीतला, अंगात रग आहे, पण कबड्डी डोक्यात नाही.

इराण काही नवखा नव्हता. २००७ च्या पनवेलच्या विश्वचषकात अंतिम सामना त्यांच्याशीच झाला होता आणि आपण २९-१९ जिंकलो होतो. पण रग आणि कोपरा यांत फरक आहे. समोर सहा-सात जण असले की चढाईवाला बोनससाठी रेषेपलीकडे पाय टाकतो, त्याचा दुसरा पाय हवेत असतो. घोटा धरायचा तो तेव्हाच. क्षणभर आधी हात घातलात, तर तो हाताला पाय लावून मध्यरेषा गाठतो. गुणही गेला, कोपराही बाद. शिवाय कोपरा एकटा नसतो. शेजाऱ्याचा हात धरून साखळीत सरकायचं, आणि कोण पुढे घुसणार हे एका आरोळीवर ठरतं. ती आरोळी हिंदीत किंवा हरयाणवीत. इराणच्या गोरगानहून आलेल्या तेवीस वर्षांच्या पोरानं काय समजायचं? तो हिंदी शिकला, थांबायलाही शिकला. थांबणं जास्त अवघड, हे मी अनुभवानं सांगतो.

२०१६ मध्ये पाटणा पायरेट्सकडून त्याला पूर्ण वेळ कोपरा मिळाला आणि त्या संघानं विजेतेपद पटकावलं. मे २०१८ च्या लिलावात यू मुंबानं त्याला परत आणलं, एक कोटी रुपयांना. लीगमध्ये परदेशी खेळाडूला कोटीची बोली तोवर कधी लागली नव्हती.

आणि मग आले जकार्ताचे आशियाई खेळ. १९९० पासून आशियाई खेळांत पुरुषांच्या कबड्डीचं एकही सुवर्ण भारतानं सोडलं नव्हतं. २३ ऑगस्ट २०१८ ला उपांत्य सामन्यात इराणनं आपल्याला २७-१८ हरवलं, आणि त्या संघात फजल होता. त्या रात्री गावात जो वाद पेटला, तसा पंचाच्या निर्णयावरूनही कधी पेटला नव्हता. "खेळ आपला, पैसा आपला, शिकवलं आपण, आणि हे बघा!" दुसऱ्या दिवशी इराणच्या बायकांनीही अंतिम सामन्यात आपल्याला २७-२४ नमवलं, आणि त्यांच्या प्रशिक्षक कोण, तर आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. मग तर काहींनी जेवणच टाकलं.

मला हा राग पटला नाही. खेळ गावाबाहेर गेला की तो परत येऊन आपल्याला हरवणारच, नाहीतर तो गेलाच नाही म्हणायचं. ऑक्टोबरमध्ये फजल यू मुंबाचा कर्णधार म्हणून उतरला, तेव्हा जकार्ताच्या नावानं बोटं मोडणारी हीच पोरं त्याच्या प्रत्येक पकडीला मांडी थोपटत होती. पुढे मनजीत छिल्लरला मागे टाकून पकडींच्या गुणांत तो लीगमध्ये पहिला झाला.

आता मॅटवर सराव करणाऱ्या गावातल्या पोरांना माझं एवढंच सांगणं : मोबाइलवर फजलची पकड बघताना त्याच्या दंडाकडे बघू नका, पकडीआधी त्याचे पाय कुठे थांबलेत ते बघा.