उतरंड आणि केक

आजीच्या माजघरात पाच मडक्यांची उतरंड होती. तळाला चुंबळीवर ज्वारीचं थोरलं मडकं, त्यावर तूरडाळ, मग तीळ, मग मिरच्या आणि टोकाला झाकणी घातलेलं बोळकं. बोळक्यात काय असे ते तिलाच ठाऊक. ‘उतरंडीला नसेना दाणा, पण दादला असावा पाटीलराणा’ ही म्हण ती स्वतःवरच म्हणून हसायची. वरच्या मडक्याचं बूड खालच्याच्या तोंडात नीट बसलेलं. खापर भाजून कडक झालेलं, म्हणून भार सोसायचं.

आमच्या हिंगोलीकडच्या सेनगावात केकची हौस आली ती अलीकडे, मोबाइलवरच्या व्हिडिओंतून. मी घरीच केक करते. पहिला दोन थरांचा केक आजीच्याच हिशेबानं रचला: खाली दोन किलोचा, त्यावर एक किलोचा. ऐन मे महिन्यात, रिसोडकडच्या साखरपुड्यासाठी. जीपमध्ये मांडीवर धरून बसले होते. निम्म्या वाटेत वरचा खालच्यात रुतला आणि खालच्यातून क्रीम माझ्या पदरावर. चूक माझीच. स्पंज म्हणजे काही मडकं नव्हे!

मग केक थरांत कसा रचतात ते शोधायला लागले, तर इंग्लंडच्या राजघराण्याच्या हलवायांनाही ते सुचायला वेळच लागलेला. 1840 मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या लग्नातला केक सुमारे 300 पौंडांचा, 3 यार्ड घेराचा; पण उंची जेमतेम 14 इंच. 1858 मध्ये तिच्या थोरल्या लेकीच्या लग्नात केक उंच दिसला खरा, पण खरा केक तळालाच. वरचे मजले साखरेचे. अख्खा केकचाच थरांचा केक झाला तो 1882 मध्ये, तिचा लेक राजपुत्र लिओपोल्ड याच्या लग्नात. तो उभा राहू शकला, कारण अंड्याचा पांढरा बलक आणि पिठीसाखर यांचं आइसिंग वाळलं की खापरासारखं टणक होतं. म्हणजे तीही उतरंडच.

थरांमध्ये खांब आले ते आणखी वीसेक वर्षांनी. सुरुवातीचे खांब म्हणजे आइसिंग थापलेल्या झाडूच्या दांड्या! हे वाचून मी मनापासून हसले. 1947 मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या लग्नातला 9 फुटी, 500 पौंडांचा चार मजली केक याच वाटेनं उंच गेला.

आमच्या व्हीप क्रीमवर मात्र माशीसुद्धा उभी राहत नाही. म्हणून खालच्या केकमध्ये जाड स्ट्रॉ उभ्या खोचायच्या, क्रीमच्या बरोबरीनं कापायच्या, वरचा केक पुठ्ठ्यावर ठेवून त्यांच्यावर टेकवायचा. भार स्ट्रॉवरून थेट तळच्या पाटावर जातो. खालच्या केकला त्याचा पत्ताही लागत नाही. भरीव काडीपेक्षा मला पोकळ स्ट्रॉच बरी वाटते. ती स्पंज बाजूला रेटत नाही, पोटात घेते. मधे देवळासारखे प्लास्टिकचे खांब लावून मागणारे भेटतात. दिसतं झकास, पण आमच्या रस्त्यांवर मी ते केक रचून नेत नाही. वरचा केक वेगळ्या डब्यात नेते आणि मांडवात चढवते.

मांडवात बहुल्याच्या चार कोपऱ्यांना चुना-गेरूनं रंगवलेली मडकी रचलेली असली, की माझं लक्ष आधी तिकडे जातं. कुंभारानं रचलेली ती उतरंड मी अजून ढळलेली पाहिली नाही.

एवढं मात्र करा: कापताना आधी वरचा थर पुठ्ठ्यासकट उतरवा, मग खालच्यातल्या स्ट्रॉ मोजून काढा. दोन किलोच्या केकमध्ये मी पाच घालते.