किनाऱ्यावरची उंडी



मिरकरवाड्यात होडी, जाळे आणि मासळी यांच्या जुन्या गोष्टी सांगणारे बुजुर्ग आजही भेटतात. परंतु याच किनाऱ्यावरच्या एका झाडाचा इतिहास मात्र मागे पडला आहे. ते झाड म्हणजे उंडी. वर्गात उंडीची वाळलेली बी दाखवली, तर खेळण्याची गोटी म्हणून ती ओळखणारी मुले निघतात. झाड ओळखणारी थोडीच. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. उंडी हा उष्ण कटिबंधातील सदाहरित वृक्ष आहे. पूर्व आफ्रिकेपासून प्रशांत महासागरातील बेटांपर्यंत तो समुद्रकाठी आढळतो. वाळू आणि खारा वारा यांना तो दाद देत नाही. मात्र वाढतो सावकाश. पाने समोरासमोर, जाड आणि चकचकीत असतात. मधल्या शिरेपासून निघालेल्या असंख्य बारीक शिरा एकमेकींना समांतर जातात. ही खूण लक्षात ठेवली की झाड चुकत नाही. फुले पांढरी, सुवासिक, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. फळ गोल व हिरवे, पिकल्यावर पिवळसर. आतली बी टणक कवचाची. फळ पाण्यावर तरंगते, त्यामुळे लाटांबरोबर ते दूरच्या किनाऱ्यालाही लागते. आपली सुरंगी उंडीच्याच कुळातली, आणि रातांबा जवळच्या कुळातला. संस्कृतातील ‘पुन्नाग’ तो हाच, असे मानतात.

या बीच्या गरातून गडद हिरवे, उग्र वासाचे कडू तेल निघते. रॉकेल घरोघरी येण्यापूर्वी ते दिव्यात जळे. होडीच्या लाकडाला ते चोपडत. सांधे धरले की त्याच तेलाने मालीश करीत, खरजेवरही लावीत. पण ध्यानात ठेवा, हे तेल पोटात घेण्याचे नव्हे. ते विषारी आहे. झाडाचा चीकही डोळ्यांत जाऊ देऊ नये.

आता या ज्ञानाची नोंद कशी झाली ते पाहा. सतराव्या शतकात कोचीनचे डच अधिकारी हेंड्रिक व्हॅन रीड यांनी मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे छापला गेला. त्यात उंडीही आहे. चित्रांवर झाडांची नावे रोमन आणि मल्याळम लिप्यांबरोबर अरबी व नागरी लिपींतही दिली आहेत. माहिती सांगणारे इट्टी अच्युतन हे केरळचे वैद्य, तसेच रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट हे कोंकणी ब्राह्मण, यांची नावे त्या ग्रंथात नोंदली गेली. म्हणून आज तीनशे वर्षांनंतरही ती आपल्याला ठाऊक आहेत. पुढे 1753 साली लिनियस यांनी उंडीला ‘कॅलोफायलम इनोफायलम’ हे शास्त्रीय नाव दिले. कॅलोफायलम म्हणजे सुंदर पानांचे.

आपल्या मुंबई इलाख्यातील वनस्पतींचा थिओडोर कूक यांचा मोठा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला. त्यातही उंडी आहे. हे ‘उंडी’ नाव साहेबांना सांगितले असणार ते आपल्याच किनाऱ्यावरच्या कुणीतरी. पण सांगणारा कोण, हे आपल्याला ठाऊक नाही. त्याने सांगितले, लिहिले दुसऱ्याने. शिक्षणाचे मोल यापेक्षा वेगळ्या शब्दांत काय सांगावे?

न लिहिण्याने जसे ज्ञान जाते, तसेच न जपण्याने झाड जाते. उंडीच्याच एका भाऊबंदाचा नमुना 1987 मध्ये सारवाकच्या जंगलातून अमेरिकेत तपासणीसाठी गेला. एड्सच्या विषाणूला प्रयोगशाळेत रोखणारे द्रव्य त्यात सापडले. शास्त्रज्ञ पुन्हा त्या जागी गेले, तेव्हा ते झाड नाहीसे झाले होते! सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात ती जात जतन केलेली होती, म्हणून संशोधन पुढे चालू राहिले. त्या द्रव्यापासून अद्याप औषध हाती आलेले नाही. पण झाड राहिले नाही, तर तपासायचे तरी काय?

पालकहो, उंडीचे तेल आपल्या घरी कसे काढीत, होडीला केव्हा लावीत, हे मुलांना सांगा. विद्यार्थी मित्रांनो, नाना-नानी, दादा-दादी यांना विचारून ते वहीत उतरवा आणि सांगणाऱ्याचे नाव व तारीख विसरू नका. पावसाच्या तोंडावर एक बी, कवच अलगद फोडून, मातीत लावा. माणसाने, पशूने वा पक्ष्याने ज्याचे फळ खाल्ले, ते झाड लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, असे हदीसमध्ये आले आहे. उंडीच्या फळाचा गर वटवाघळे खातात. सावली माणसांना मिळते.

झाड लावणे आणि जाणकाराचे शब्द लिहून ठेवणे, दोन्हींचे फळ पुढच्या पिढीच्या हाती पडते. आपण मात्र आज सुरुवात केली पाहिजे.