शासनाची शाळा, समाजाची शाळा आणि पालकांची निवड

ज्या नगराची जन्मतारीख निश्चितपणे सांगता येते अशी नगरे महाराष्ट्रात फार थोडी आहेत. उल्हासनगर हे त्यांपैकी एक होय. दि. ८ ऑगस्ट १९४९ रोजी भारताचे गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे कोनशिला बसविण्यात आली आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील कल्याणच्या लष्करी छावणीला उल्हास नदीवरून नवे नाव लाभले. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना शासनाने येथील बराकींत आसरा दिला. कॅम्प क्रमांक एक ते पाच ही विभागणी त्याच छावणीची खूण असून ती आजही पत्त्यांत टिकून आहे. पुढे व्यापाराच्या निमित्ताने अन्य प्रांतांतील कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांत जैन समाजबांधवही होते. घर, धंदा आणि देवालय यांची व्यवस्था लागल्यावर प्रत्येक कुटुंबापुढे पुढचा प्रश्न उभा राहिला, तो मुलांच्या शाळेचा. मुलाला कोणत्या भाषेत शिकवावयाचे, कोणत्या शाळेत घालावयाचे आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, पालकांचा, शाळा चालविणाऱ्या संस्थेचा की शासनाचा?

या नगरीत हा प्रश्न प्रथम उद्भवला तो लिपीच्या रूपाने. सिंध प्रांत १८४७ पासून १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता, हे आज अनेकांच्या विस्मृतीत गेले आहे. इंग्रजांनी सिंध घेतल्यावर शाळा व कचेऱ्यांसाठी सिंधी कोणत्या लिपीत लिहावी याचा वाद इंग्रज अधिकाऱ्यांतच झाला. कॅप्टन जॉर्ज स्टॅक याने १८४९ मध्ये सिंधीचे व्याकरण देवनागरी अक्षरांत प्रसिद्ध केले होते. रिचर्ड बर्टनचा कल मात्र अरबी वळणाच्या लिपीकडे होता. अखेर बार्टल फ्रिअर हा सिंधचा आयुक्त असताना, १८५३ मध्ये, बावन्न अक्षरांची अरबी वळणाची लिपी सरकारमान्य झाली. तिच्यात जवळजवळ शंभर वर्षे सिंधी मुले शिकली. शंभर वर्षांनी हीच मंडळी निर्वासित होऊन कल्याणच्या बराकींत आली, तेव्हा स्वतंत्र भारताच्या शासनाने उलट दिशेने पाऊल टाकले. १९५० मध्ये केंद्र शासनाने शाळांतून सिंधीसाठी देवनागरी लिपी वापरण्याचा निर्णय घेतला. जयरामदास दौलतराम यांच्यासारखे मान्यवर देवनागरीच्या बाजूने होते. मुले हिंदीच्या जवळ येतील आणि नव्या देशात लवकर रुळतील, हा त्यामागील विचार होता व तो अगदीच अग्राह्य म्हणता येणार नाही. परंतु घरदार, शेतीवाडी आणि गाव गमावून आलेल्या माणसाजवळ भाषेशिवाय काय उरले होते? आजोबांनी लिहिलेले पत्र नातवाला वाचता येऊ नये, हे अनेकांना सहन झाले नाही. लेखक व शिक्षक यांनी विरोध केला आणि १९५१ मध्ये शासनाने दोन्ही लिप्यांना मुभा दिली. शासनाने हुकूम काढावा, समाजाने तो नाकारावा आणि शेवटी निवड पालकांकडे यावी, असा हा प्रसंग होता.

शासनाने शाळा काढाव्यात की समाजाने काढलेल्या शाळांना साहाय्य द्यावे, हा वाद मात्र उल्हासनगरपेक्षा जुना आहे. १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी संस्थांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत सुरू केली. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन दिले आणि सरकारचा पैसा उच्च वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, गोरगरिबांच्या प्राथमिक शिक्षणाकडे नाही, अशी परखड तक्रार केली. सक्तीचे शिक्षण प्रत्यक्षात आणले ते प्रथम संस्थानिकांनी. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात व १९०६ मध्ये सर्व राज्यात ते लागू केले. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळचा एक रुपया लक्षात घेतला म्हणजे महाराजांचा निर्धार कळतो. योगायोग असा की त्याच १९१७ साली हॉलंडने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून सरकारी व धार्मिक संस्थांच्या शाळांना सारखेच सरकारी द्रव्य देण्याचे मान्य केले. एका राज्याने पालकावर सक्ती केली, दुसऱ्याने पालकाला निवड दिली. ज्या घरात शाळेची कल्पनाच पोहोचली नव्हती तेथे निवडीला अर्थ नव्हता, म्हणून कोल्हापुरास सक्तीच योग्य होती, असे म्हणावे लागते.

या इतिहासात जैन समाजाला अभिमान वाटावा अशी दोन नावे येतात. शाहू महाराजांचे चरित्र लिहिणारे अण्णासाहेब लठ्ठे हे एक. ते १९३७ च्या बाळासाहेब खेर मंत्रिमंडळात अर्थमंत्री होते. दुसरे नाव कर्मवीर भाऊराव पाटील यांचे. दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या भाऊरावांनी १९१९ मध्ये कराड तालुक्यातील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवतील असे वसतिगृह त्यांनी साताऱ्यास चालविले. त्या वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने दिले, अगदी मंगळसूत्रही. १९३७ नंतर खेर शासनाने खेड्यांत स्वयंसेवी शाळा काढण्यास उत्तेजन दिले, तेव्हा रयतने शेकडो खेड्यांत अशा शाळा काढल्या. जेथे शासनाचा मास्तर पोहोचत नव्हता तेथे संस्थेचा मास्तर पोहोचला आणि खर्चाचा काही भाग शासनाने उचलला. संस्था व शासन यांच्या सहकार्याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

परंतु त्याच कथेचा दुसरा भागही सांगावयास हवा, कारण स्मरणिकांतून तो बहुधा गाळला जातो. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ मध्ये भाऊरावांच्या जाहीर भाषणांमुळे शासनाची त्यांच्यावर नाराजी ओढवली आणि रयतचे अनुदान बंद करण्यात आले. मुख्यमंत्री तेच बाळासाहेब खेर होते. शिक्षकांचे पगार थांबले, वसतिगृहांतील मुलांच्या भाकरीचा प्रश्न आला. भाऊराव लोकांकडे गेले. शेतकऱ्यांनी धान्य दिले, पैसे दिले. पुढे अनुदान पुन्हा सुरू झाले. शासनाचा हात मदतीसाठी पुढे येतो तसाच तो आवळताही येतो, हे संस्थाचालकांना त्या वेळी प्रत्यक्ष कळले. याचा अर्थ अनुदान घेऊ नये असा नाही. अनुदानाशिवाय रयतचा विस्तार झाला नसता, आणि केवळ देणग्यांवर गावोगावच्या शिक्षकांना पगार देणे कोणत्याही ट्रस्टला दीर्घकाळ शक्य नाही.

त्याच सुमारास, १९४७ मध्ये, मुंबई प्राथमिक शिक्षण अधिनियम झाला आणि प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी शासन व स्थानिक शिक्षण मंडळांवर आली. उल्हासनगरात १९६० मध्ये नगरपालिका व १९९६ मध्ये महानगरपालिका झाली. समाजानेही आपला वाटा उचलला. बॅरिस्टर होतचंद अडवाणी व प्राचार्य कुंदनानी यांनी सिंधमधून येऊन १९४९ मध्ये वांद्र्यास नॅशनल कॉलेज उभे केले; त्यांच्याच मंडळाने १९६५ मध्ये उल्हासनगरात चांदीबाई हिंमतमल मनसुखानी महाविद्यालय सुरू केले. निर्वासित म्हणून आलेल्या समाजाने दोन दशकांच्या आत आपल्याच नगरीत महाविद्यालय काढावे, ही सामान्य गोष्ट नव्हे.

आता ज्या खटल्याने मुंबई राज्यातील पालकांचा अधिकार निश्चित केला त्याकडे वळू. हा खटला देवळालीचा. नाशिकजवळच्या देवळालीत बॉम्बे एज्युकेशन सोसायटीचे बार्न्स हायस्कूल हे इंग्रजी माध्यमाचे होते. दि. ६ जानेवारी १९५४ रोजी मुंबई शासनाने परिपत्रक काढले की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गांत यापुढे अँग्लो इंडियन किंवा आशियाबाह्य वंशाच्या नागरिकांच्या मुलांखेरीज कोणासही प्रवेश देऊ नये. त्या वेळी मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. मातृभाषेतून शिक्षण व्हावे हा हेतू होता आणि मराठी, गुजराती वा सिंधी भाषेवर प्रेम करणाऱ्या कोणासही तो हेतू आवडावा असाच आहे. पण परिणाम काय झाला? आपल्या मुलाने इंग्रजीतून शिकावे असे वाटणाऱ्या मराठी, गुजराती, सिंधी पालकाला शाळेचे दार बंद झाले आणि तेच दार दुसऱ्या एका समाजासाठी उघडे राहिले. शाळा व प्रवेश नाकारलेल्या मुलांचे पालक न्यायालयात गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये मुख्य न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांच्या खंडपीठाने परिपत्रक रद्द केले आणि दि. २६ मे १९५४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. राज्यघटनेच्या अनुच्छेद २९ (२) नुसार, शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत केवळ भाषेच्या कारणावरून कोणाही नागरिकास प्रवेश नाकारता येत नाही. शासनाचा हेतू चांगला होता हे सांगून सुटका होत नाही. प्रवेश प्रत्यक्षात कशामुळे नाकारला गेला, हे पाहावे लागते, असे न्यायालयाने बजावले. हेच छागला पुढे १९६३ मध्ये केंद्रीय शिक्षणमंत्री झाले, हा इतिहासातील एक मौजेचा भाग.

या निर्णयाचे फळ उल्हासनगरात काय दिसले, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. लिपीसाठी भांडलेल्या, आणि १९६७ मध्ये आपली भाषा घटनेच्या आठव्या अनुसूचीत यावी म्हणून आनंद साजरा करणाऱ्या समाजाच्याच नातवंडांनी सिंधी माध्यमाच्या शाळा रित्या केल्या. कोणत्याही शासकीय आदेशाने त्या बंद पाडल्या नाहीत. पालकांनी इंग्रजी माध्यम निवडले आणि पट घसरत गेला. गुजराती माध्यमाच्या शाळांचीही मुंबई परिसरात हीच गत झाली, हे आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. आजोबांचे पत्र नातवाला वाचता येऊ नये अशी जी भीती १९५० मध्ये शासनाच्या हुकुमामुळे वाटली होती, ती पुढे घराघरांतून, स्वखुशीने खरी ठरली. यासाठी शासनाला दोष देता येत नाही आणि पोटापाण्याचा विचार करणाऱ्या पालकालाही देणे कठीण आहे. मात्र घरात आईवडीलच मुलाशी कोणत्या भाषेत बोलतात, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाच्या हाती होते व आहे. महाराष्ट्र शासनाने २०२० च्या कायद्याने सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी हा विषय सक्तीचा केला. माध्यमाला हात न लावता भाषा राखण्याचा हा मार्ग १९५४ च्या परिपत्रकापेक्षा निश्चितच शहाणपणाचा आहे. दि. ६ मे २०१४ रोजी घटनापीठाने कर्नाटकाच्या प्रकरणात मातृभाषेचे माध्यम शासनाला लादता येत नाही असे स्पष्ट केल्यावर दुसरा मार्ग उरलाही नव्हता.

त्याच दिवशी घटनापीठाच्या दुसऱ्या निर्णयाने जैन संस्थांशी थेट संबंध असलेली बाब ठरली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार, जो दि. १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात आणि शासन त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती करते. ६ मे २०१४ च्या निर्णयाने अल्पसंख्याक संस्थांच्या अनुदानित व विनाअनुदानित अशा सर्व शाळांना या कायद्यातून वगळण्यात आले. त्याआधी काही महिने, जानेवारी २०१४ मध्ये, केंद्र शासनाने जैन समाजास राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केले होते. त्यासाठी बाळ पाटील यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत झुंज दिली होती. २००५ मध्ये न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले नव्हते. अनुच्छेद ३० चा हक्क अशा प्रकारे मिळाला, आणि त्याच्याबरोबर एक अवघड प्रश्नही आला. अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळेला शेजारच्या बराकीतील गरीब मुलाला प्रवेश देण्याची आता कायद्याने सक्ती नाही. देणे वा न देणे हे विश्वस्तांच्या मनावर आहे. भाऊरावांच्या वसतिगृहात अशा मुलांना जागा मिळाली तेव्हा कायद्याची सक्ती मुळीच नव्हती, याची आठवण येथे सहज होते.

शासनाचेही धोरण या बाबतीत स्थिर राहिलेले नाही. दि. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या परिसरात शासकीय वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांच्या अटीतून सूट दिली. उल्हासनगरसारख्या दाटीच्या नगरीत एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नाही असे ठिकाण शोधावेच लागेल. म्हणजे ही सूट बहुतेक सर्वांनाच मिळाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात तिला स्थगिती दिली व दि. १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली. त्यानंतर दि. १ सप्टेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातीलच एका अल्पसंख्याक शिक्षणसंस्थेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाच्या द्विसदस्यीय पीठाने २०१४ च्या सवलतीविषयी शंका व्यक्त केली आणि अल्पसंख्याक शाळांना शिक्षण हक्क कायदा पूर्णतः लागू नसावा काय, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला. मोठ्या पीठाचा निर्णय होईल तेव्हा तो अल्पसंख्याक दर्जा घेऊन शाळा चालविणाऱ्या जैन ट्रस्टनाही बंधनकारक राहील.