खो-खो, व्यावसायिक

मानधन घेणाऱ्या खेळाडूंच्या संघांत खेळला जाणारा खो-खो. मूळ खेळास पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात १९१४ मध्ये नियमबद्ध रूप मिळाले. साधनांचा खर्च जवळजवळ नसल्याने तो महाराष्ट्रातील शाळाशाळांत रुजला. शिरूर कासार, केज अशा बीड जिल्ह्यातील अवर्षणप्रवण तालुक्यांना असा बिनखर्ची खेळ विशेष सोयीचा होय. मात्र दीर्घकाळ त्याचे स्वरूप हौशीच राहिले.

खेळ व्यवसाय झाला, की प्रेक्षकांसाठी त्याचे नियमही बदलतात. अमेरिकेत १८६९ मध्ये सिनसिनाटीच्या बेसबॉल संघाने सर्व खेळाडूंना उघडपणे वेतन दिले. बास्केटबॉलमध्ये १९५० साली फोर्ट वेन व मिनीॲपोलिस यांचा व्यावसायिक सामना १९–१८ अशा अल्प गुणांवर संपला. चेंडू नुसता राखून ठेवण्याच्या अशा खेळास आळा घालण्यासाठी १९५४ मध्ये २४ सेकंदांत चेंडू फेकण्याचे बंधन आले.

खो-खोमध्ये हे स्थित्यंतर ‘अल्टिमेट खो-खो’ स्पर्धेने घडविले. तिचा पहिला हंगाम ऑगस्ट–सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडी येथे झाला व त्यात सहा संघ उतरले. पारंपरिक खेळात नऊ खेळाडू व नऊ मिनिटांची पाळी असते आणि गडी बाद केल्यास एक गुण मिळतो. येथे सात खेळाडू, सात मिनिटांची पाळी व बाद गड्यामागे दोन गुण अशी योजना झाली. सूर मारून गडी टिपल्यास अधिक गुण ठरले. पाठलाग करताना हवी ती दिशा घेण्याची मुभा असलेला ‘वजीर’ही आला. ४ सप्टेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यात ओडिशा जगरनट्सने तेलुगू योद्धाज संघास ४६–४५ असे एका गुणाने हरविले.

जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेली पहिली विश्वचषक स्पर्धा अशाच जलद पद्धतीने खेळविण्यात आली. अंतिम फेरीत भारतीय महिलांनी नेपाळवर ७८–४०, तर पुरुषांनी ५४–३६ असा विजय मिळविला. महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे हिचे मूळ गाव केज तालुक्यातील आहे.

तथापि या व्यावसायिक स्पर्धेचे पहिले दोन्ही हंगाम पुरुष संघांचेच होते. विश्वविजेत्या महिला खेळाडूंना त्यांत स्थान नव्हते. खेळाचा वेग बदलला, पण त्याच्या उत्पन्नातील वाटा मात्र सर्वांपर्यंत पोहोचला नाही.